पडण्याचा आवाज

परवा पुण्यात मुलीच्या सोसायटीमागच्या मैदानावर संध्याकाळच्या फेऱ्या मारत होतो. पलीकडे पोरं फुटबॉल खेळत होती. अचानक पाठीमागून कुणीतरी ओरडलं, "सोड!" आणि मी, बँकेतून निवृत्त झालेला, गुडघ्यांना पट्टे बांधून चालणारा माणूस, दोन्ही पाय झटकन बाजूला घेऊन ताठ उभा राहिलो. बॉल माझ्या आसपासही नव्हता. शेजारून चाललेल्या बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी वाकून बुटाची लेस बांधल्यासारखं केलं. पायात चपला होत्या.

ही खोड मला बाळू गावंडेने लावली.

बाळू गोलकीपर आणि मी त्याच्या पुढचा स्टॉपर, म्हणजे गोलच्या तोंडाशी उभं राहून येईल त्याला आडवं जाणारा. यवतमाळच्या एकाच क्लबकडून आम्ही सगळं तरुणपण घालवलं आणि तेवढी सगळी वर्षं माझी त्याच्याकडे पाठ होती. लोकांना मित्र आठवला की त्याचा चेहरा आठवतो. मला बाळूचा आधी आवाज आठवतो. "मन्या, डावीकडं पाह्य! मन्या, सोड! अबे मन्या, झोपला का?" फुटलेल्या ढोलासारखा आवाज होता त्याचा. मैदानाबाहेरच्या रस्त्यावरून जाणारे ऑटोवाले त्या आवाजावरून मॅच कशी चालली आहे ते ओळखायचे.

"चूप गोलकीपर म्हंजे तिसरा पोल," तो म्हणायचा. "दोन पोल हायेतच. तिसरा कायले पाह्यजे?" आणि मला वेगळं सांगून ठेवलेलं: "मांगं वळून पाहू नोको. आवाज येऊन राह्यला म्हंजे मी हावो."

खर्ऱ्याचा त्याला भारी तिटकारा. आमच्याकडे सुपारी-तंबाखू घोटून केलेला हा खर्रा ज्याच्या गालात नाही असा माणूस शोधावा लागतो. पण तोंड भरलेला खेळाडू ओरडू शकत नाही आणि ओरडणाऱ्याला उत्तर देऊ शकत नाही, हे बाळूचं दुखणं. एकदा मॅचच्या आधी त्याने आमच्या कप्तानाच्या खिशातून खर्ऱ्याची पन्नी काढली, गोलसमोर बुटाच्या टाचेने खड्डा केला आणि पुरून टाकली. कप्तान खरं तर फॉरवर्ड. पण त्या दिवशी त्याचा जीव त्या खड्ड्यात अडकलेला. सगळी मॅच तो आमच्याच गोलसमोर घुटमळत राहिला. इतका भक्कम बचाव आमच्या क्लबने त्याआधी कधी केला नव्हता.

असा हा माणूस. पुण्याला मुलीकडे येण्याआधी त्याला मी शेवटचं पाहिलं ते गेल्या हिवाळ्यात. मला सांगायचं आहे ते त्या सकाळबद्दल, पण ती कळायची तर त्याच्या डाव्या खांद्याचं आधी कळायला हवं.

बाळू बोरी अरब गावचा. घरची कापसाची शेती. हंगामात वडील बैलबंडीत कापूस भरून जिनिंगला न्यायचे आणि हे कार्टं बंडीत वर बसून जायचं. जिनिंगच्या आवारात कापसाच्या गंज्या लागलेल्या असत, घराएवढ्या. वडील नंबर लागायची वाट पाहत बसले की हा चुलतभावाला चिंध्यांचा बॉल फेकायला लावायचा आणि गंजीवर झेप घ्यायचा. हात लांब ताणून, अंग मोकळं सोडून, सरळ खांद्यावर पडायचा. कापूस त्याला गिळून टाकी आणि तो हसत बाहेर निघे. बाळू गोलकीपर झाला तो असा. त्याची झेप बघायला लोक यायचे, कारण तसं बिनधास्त अंग कुणीच टाकत नसे. बाकीच्यांना जमिनीची भीती होती. याच्या अंगाला जमीन कठीण असते हे ठाऊकच नव्हतं.

पुढे तो स्वतःच म्हणायचा, "कापूस लय भला माणूस हाये. चूक सांगतच नाही."

चूक सांगितली ती मुरमाने. राज्याच्या संघासाठी निवड चाचणी होती. ऐन उन्हाळा, दुसऱ्या जिल्ह्यातलं मैदान, वर गवताची काडी नाही. आम्ही दोघंही एकाच बाजूने खेळत होतो. मॅच संपत आलेली. एक बॉल माझ्या डोक्यावरून डाव्या कोपऱ्याकडे गेला. मागून बाळूचा "माहा!" ऐकू आला. बॉल माझा आहे, तुम्ही दूर व्हा, असं सांगायची ती त्याची हाक. पाठोपाठ तो पडल्याचा आवाज. धप्प. आणि त्या धप्पच्या आत आणखी एक बारीक आवाज, कापसाची वाळलेली पऱ्हाटी गुडघ्यावर मोडावी तसा.

बॉल त्याने अडवला होता. लोक टाळ्या पिटत होते. त्याने सांगून ठेवलेलं मोडून मी मागे वळलो. तो उठून उभा होता, डावा हात पोटाशी धरून.

"काय झालं बे?"

"काही नाही. खेळ."

त्यानंतर मॅच संपेपर्यंत पाठीमागून एक शब्द आला नाही. मी सारखा कान देत होतो आणि मागे नुसती शांतता होती. त्या शांततेची मला आजही भीती वाटते.

खांदा निखळला होता. तशा खांद्याने तो शेवटपर्यंत उभा राहिला, त्याच अंगावर पुन्हा पडलाही. त्या झेपेमुळे त्याची निवड झाली. नाव वाचलं गेलं तेव्हा तो दवाखान्यात होता. डॉक्टर म्हणाले, पहिल्यांदा निखळला तेव्हाच बाहेर आला असता तर बरा झाला असता, पुढच्या पडण्यांनी वाट लावली. संघ गेला, बाळू राहिला. तो हात पुन्हा खांद्याच्या वर कधी गेला नाही. यष्टीत उभं राहावं लागलं तर वरचा दांडा तो उजव्या हाताने धरायचा, आणि उजव्या हातात पिशवी असली तर पिशवी दातात धरायचा पण डावा वर नेत नसे.

त्याबद्दल तो माझ्याशी एकदाच बोलला, चहाच्या टपरीवर. "त्या टाइमाले कोणी माही कॉलर धरून मले बाहेर ओढलं असतं ना मन्या, तं मी त्याच्या पाया पडलो असतो. पर सारे टाळ्या वाजवून राह्यले होते."

पुढे तो बाभुळगावच्या शाळेत खेळाचा शिक्षक झाला, तिथेच घर केलं. रोज शाळा सुटली की फटफटीवरून यवतमाळला यायचा आणि सगळ्या क्लबांच्या गोलकीपरांना एका कोपऱ्यात गोळा करून शिकवायचा. त्याची शिकवणी विचित्र. पोरं हौसेने हातमोजे घालून यायची आणि हा बॉल कुलपात ठेवायचा. आधी पडायला शिका. गुडघा, मांडी, कंबर, बरगडी, मग खांद्याची मागची बाजू, अशा क्रमाने अंग जमिनीला द्यायचं. कठीण जमिनीवरच. कुणाच्या बापाने गाद्या आणून दिल्या तर त्याला तो गाद्यांसकट परत पाठवायचा.

असेच एक वकीलसाहेब एकदा तणतणत आले. "सर, महिना झाला. पोट्टं घरी येते तं नुसतं मातीनं भरून. हे काय नुसतं पडाचंच शिकून राह्यलं का?"

"हो," बाळू म्हणाला. "बॉल काय, आला तं आला. जमीन तं येतेच."

पोरं पडायची तेव्हा तो त्यांच्याकडे पाहत नसे. उलट्या बादलीवर पाठ करून, डोळे मिटून बसायचा आणि ऐकायचा. धप्प झालं की म्हणायचा, "पोतं." म्हणजे चुकलं, पुन्हा पड. गोधडी झटकून अंथरावी तसा पसरट आवाज आला की नुसती मान हलवायचा. एखाद्याचं मनगट आधी टेकलं, कुणी श्वास कोंडून पडलं, हे त्याला पाठमोरं कळायचं. आम्ही जुने लोक गंमत म्हणून जाऊन बसायचो, आणि "पोतं" ऐकून हसायचो.

एक गोष्ट मात्र पोरांच्याही लक्षात आली होती. सर स्वतः कधी पडून दाखवत नाहीत. सगळं तोंडी. एकाने विचारलंही. बाळू म्हणाला, "मास्तर कधी परीक्षेले बसते का?" पोरं हसली. मी नाही हसलो. त्या चाचणीनंतर त्याला झेप घेताना मीच काय, कुणीच पाहिलं नव्हतं.

मग आरती राठोड आली. दारव्ह्याकडच्या एका तांड्यावरची, यवतमाळला वसतिगृहात राहून कॉलेज शिकणारी. उंच, लांब हातांची, आणि अजिबात न बोलणारी. पडायला इतक्या लवकर शिकली की बाळू बादलीवरून उठून तिच्याकडे तोंड करून बसला, जे त्याने कुणासाठी केलं नव्हतं. पण ओरडायची म्हणून नाही. बॉल येतोय, पुढे बचाववाली गोंधळलीय, आणि ही गप्प. बाळूने समजावलं, रागावला, काही उपयोग नाही. शेवटी त्याने तिला रस्त्याच्या बाजूच्या गोलमध्ये उभं केलं.

"ते यष्टी येऊन राह्यली. थांबव तिले."

"सर?"

"इथूनच. आवाजानं."

रोज संध्याकाळी आरती जाणाऱ्या यष्टीला 'थांब' म्हणून ओरडायची आणि यष्टी निघून जायची. आधी ऑटोवाल्यांची करमणूक झाली, मग त्यांनाही सवय झाली. आणि एक दिवस खरंच करकचून ब्रेक लागले. ड्रायव्हरने घाबरून मुंडकं बाहेर काढलं, "काय झालं वो?" बाळूने उजव्या हाताने त्याला सलाम ठोकला. "काही नाही साहेब, जाऊ द्या गाडी. पोट्टी पास झाली."

तिच्याशी बोलताना त्याचा आवाज बदलायचा. त्याला मूलबाळ नव्हतं म्हणून, असं लोक म्हणायचे. मला वाटतं कारण दुसरं होतं. त्याला जी झेप येत होती ती तिला येत होती, आणि शिवाय तिला पडता येत होतं. तिच्या रूपाने तो स्वतःलाच दुरुस्त करून पुन्हा मैदानात पाठवत होता.

गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात मुलींच्या आंतरजिल्हा स्पर्धेचा अंतिम सामना यवतमाळलाच झाला. राज्याच्या निवड समितीचे लोक मांडवात बसले होते. गोलकीपर एकच निवडायची होती आणि आरतीचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. तिची आई तांड्यावरून आली होती. आरतीला एकदा राज्याच्या संघात घेतलं की घरातले लग्नाचं बोलणं थांबवतील, असं कबूल करून घेऊन ती माउली आली होती. हे आरतीने बाळूला सांगितलं होतं, बाळूने मला. त्यामुळे त्या दुपारी नक्की काय पणाला लागलंय, ते आम्हा तिघांनाही माहीत होतं.

सामना बरोबरीत. एकही गोल नाही. आरतीने तोवर असे बॉल काढले होते की मांडवातले लोक एकमेकांकडे बघून माना डोलवत होते. शेवटची काही मिनिटं उरलेली. हे असंच संपलं तर पेनल्टी, आणि पेनल्टी म्हणजे आरतीचंच राज्य. जिल्ह्याच्या संघाची जबाबदारी बाळूकडे होती; तो नेहमीसारखा गोलच्या मागे, दोरीपलीकडे, बादलीवर. मी त्याच्या शेजारी उभा. त्याने डोळे मिटलेले होते आणि उजवा पाय सारखा हलत होता.

उजवीकडून बॉल उंच आला. आरती ओरडली, "माहा!" बाळूचीच हाक तिने घेतली होती. तिने झेप घेतली, बॉल मुठीने बाहेर काढला आणि डाव्या अंगावर पडली. मैदान टाळ्यांनी दणाणलं.

बाळू उभा राहिला.

"आयकलं का?"

"काय?"

"खांदा गेला तिचा." आणि मी काही म्हणायच्या आत तो दोरीखालून वाकून थेट मैदानात धावला.

रेफरीने शिटी मारली. बाळू दोन्ही तळवे गोल फिरवून 'बदली, बदली' अशी खूण करत होता, म्हणजे डावा कमरेपाशी आणि उजवा वर. आरतीला आधी काही समजलं नाही. समजलं तेव्हा तिने डावा हात सरळ डोक्यावर नेला, गरागरा फिरवून दाखवला.

"सर, मले काही झालं नाही."

"बाहेर ये."

"सर, पाहा ना! दुखूनच नाही राह्यलं."

"मीबी असंच म्हटलं होतं. बाहेर ये म्हणतो ना!"

एकदा बाहेर काढलेली खेळाडू पुन्हा आत घेता येत नाही. जिल्हा संघटनेचे अध्यक्ष मांडवातून पळत आले, धोतराचा सोगा हातात धरून. "सर, भानगड काय करून राह्यले तुम्ही? पोरगी ठीक हाये म्हणते!" आरतीची आई दोरीपाशी आली होती. ती हळू आवाजात म्हणाली, "मास्तर, तिले खेळू द्या. तुमाले माहीत हाये ना सारं."

"माहीत हाये बाई," बाळू म्हणाला. "म्हणूनच."

त्याने आरतीचा उजवा दंड धरला आणि तिला ओढत बाहेर आणलं. अक्षरशः ओढत. ती रडत नव्हती. मागे वळून रिकाम्या गोलकडे पाहत पावलं टाकत होती. आत गेली ती दुसरी गोलकीपर, नववीतली, हातमोजे तिला मोठे होत होते. पेनल्टी झाल्या. त्या पोरीने बिचारीने एकही सोडला नाही असं म्हणता येत नाही; तिने सगळेच सोडले. आम्ही हरलो.

दवाखान्यात मी सोबत होतो. डॉक्टरांनी फोटो काढला, खांदा वरखाली फिरवला, दाबून पाहिला. काही नाही. ना हाड, ना स्नायू, ना सूज. "कोण म्हणालं हिला लागलंय?" त्यांनी विचारलं. आरतीने बाळूकडे पाहिलं. बाळू भिंतीकडे पाहत होता.

संघ जाहीर झाला त्यात आरती नव्हती. दुखापत झालेली म्हणून बाहेर काढलेली मुलगी कशी घ्यायची, असं समितीचं म्हणणं. त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. गावात मात्र तोंडाला येईल ते लोक बोलले. म्हातारा चळला. दुसऱ्या संघाशी साटंलोटं होतं. स्वतःचं जमलं नाही, म्हणून पोरीचंही होऊ दिलं नाही. हे शेवटचं ऐकलं तेव्हा मी एकाची गचांडी धरली होती, या वयात. अध्यक्षांनी "सर, आता आराम करा" म्हटलं, तेव्हा बाळूने बादली उचलली, फटफटीच्या मागे बांधली आणि गेला.

वर्षभर तो मैदानावर आला नाही. मी अधूनमधून बाभुळगावला जायचो. तो चहा द्यायचा, कापसाच्या भावावर बोलायचा, मॅचचं नाव काढलं की उठून आत जायचा. एकदा त्याची बायको मला अंगणापर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, "भाऊजी, घरात भांडं पडलं तरी दचकतात हो हे. विचारतात, आयकलं का म्हणून." मी नुसतं "होईल ठीक" म्हणालो, जे आपण काहीच ठीक होणार नसलं की म्हणतो.

आरती एकटीच सराव करत राहिली. आईने घरच्यांना कसंबसं आणखी एक वर्ष थोपवून धरलं होतं. पुढची निवड चाचणी आठवड्यावर आली आणि आरतीचा मला फोन आला.

"काका, सरांले ग्राउंडवर आणता का? सकाळी."

"येणार नाही तो."

"म्हणा, आरतीले पडून दाखवाचं हाये. आयकाले या."

तो आला. मला वाटलं होतं भांडावं लागेल, पण निरोप ऐकून त्याने मुकाट्याने बादली फटफटीला बांधली. थंडीची सकाळ होती, ऊन नुकतंच मैदानावर आलं होतं. आम्ही तिघंच. आरतीने त्याला नमस्कार केला आणि सरळ गोलमध्ये गेली. तो बादली उलटी टाकून पाठ करून बसला, डोळे मिटले. मी तिला बॉल फेकू लागलो.

ती पडली. उजवीकडे, डावीकडे, पुन्हा डावीकडे. गोधडी अंथरल्यासारखा तो पसरट आवाज मलासुद्धा कळत होता. पण बाळूची मान हलेना. ती थांबली. मातीने भरलेली त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"काय आयकू आलं, सर?"

डोळे उघडून तो म्हणाला, "तू डावीकडं पडली का मले पऱ्हाटी मोडल्यावानी आयकू येते. आताबी आलं. दरवेळा येते."

"मंग त्या दिवशी?"

"त्या दिवशी तू बराबर पडली होती." तो तिच्या डाव्या खांद्याकडे पाहत होता. "तुहा आवाज नव्हताच तो. माहा होता. म्या तुहं वर्ष खाल्लं, पोरी."

मी दुसरीकडे पाहिलं. ज्याच्या कानावर आम्ही सगळे हसलो होतो आणि ज्याच्यावर सगळ्यांचा भरवसा होता, तो माणूस ते कान उतरवून तिच्यासमोर ठेवत होता. ती रागावेल, निघून जाईल, निदान रडेल, असं मला वाटलं. तिने हातमोजे काढले आणि त्याच्या मांडीवर टाकले.

"मले चाचणीले तुम्ही गोलमांगं पाह्यजे," ती म्हणाली. "दुसऱ्या कोणी मले इतलं शिकवलं नाही. पर हा आवाज घेऊन याल, तं मी पडली का तुम्ही पुन्हा आत पळसान. उठा."

"कायले?"

"तुम्ही पडा. डावीकडं. एकडाव त्या जुन्या आवाजाच्या जागी नवा येऊ द्या."

"आरती, वेडी का तू?" मी मध्ये पडलो. "त्याचं वय काय, तो खांदा—"

"काका, तुम्ही आपल्या जागेवर जा."

बाळू हातमोज्यांकडे पाहत होता. मला वाटलं तो हसण्यावारी नेईल, मास्तरच्या परीक्षेचं काहीतरी बोलेल. त्याने चष्मा काढून बादलीवर ठेवला. उजव्या हाताने डाव्या हातात मोजा चढवला, मग दातांनी ओढून उजवा चढवला. आणि गोलकडे चालू लागला. दोन्ही पोलांना त्याने हात लावला, तरुणपणी लावायचा तसा.

मी माझ्या जागेवर गेलो, गोलच्या तोंडाशी. आणि पाठ केली. सवय म्हणा. खरं सांगायचं तर पाहायची हिंमत नव्हती. समोर आरती बॉल ठेवून मागे सरकत होती. मला सगळं तिच्याच तोंडावर वाचावं लागणार होतं, आणि तिचं तोंड दगडासारखं होतं.

मागे शांतता. उन्हाळ्यातल्या त्या चाचणीत होती तशीच.

आरती धावली. बॉल माझ्या डाव्या कानाजवळून, की उजव्या, आता आठवत नाही, पण त्याच्या डाव्या कोपऱ्याकडे गेला. आणि पाठीमागून, इतक्या वर्षांनी, तो फुटक्या ढोलाचा आवाज आला.

"माहा!"

मग धप्प. मी कान फाडून ऐकलं. त्या धप्पच्या आत काही नव्हतं. नुसतं धप्प.

मी वळलो. बाळू गावंडे डाव्या कुशीवर मातीत पडला होता, तोंडात माती, बॉल पोटाशी धरलेला. तो हसत होता की रडत होता ते बिनचष्म्याच्या त्या तोंडावर कळत नव्हतं. इकडे बॉल मारून आरतीने पाठ केली होती, बाळू बादलीवर बसताना करायचा तशी. मान जराशी कललेली.

"पोतं," ती म्हणाली. "उठा सर. पुन्हा."